दोन पेगांची शिस्त

माझी मुलगी आठ वर्षं एका विमान कंपनीत केबिन क्रू होती. आता नाही. कुणी विचारलं की बायको सांगते, "तिनंच सोडलं हो, फार दगदग व्हायची." मी शेजारी बसून मान हलवतो. खरं असं आहे, की ड्यूटीवर जाताना तिच्या श्वासात दोनदा दारू सापडली आणि दोन्ही वेळा मशीन बरोबर होतं. पहिल्या वेळची दारू मी ओतलेली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी मूळचा अकोल्याचा. सरकारी कंपनीत इंजिनियर होतो. बदली होऊन कोलकात्याला आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. पुढे माझ्या आणखी बदल्या झाल्या, पण तिच्या शाळेसाठी बिऱ्हाड इथेच ठेवलं. शेवटची सहा वर्षं मी परत इथे होतो, एस्प्लनेडच्या ऑफिसात. निवृत्त झाल्यावर नातेवाईक म्हणाले, पुण्याला या. आम्ही डमडमला फ्लॅट घेतला, कारण मुलीची नोकरी कोलकात्यातली होती आणि विमानतळ घरापासून वीस मिनिटांवर होता. "तुझ्यासाठी आम्ही परमुलखात राहिलो," हे मी तिला अधूनमधून ऐकवायचो.

ती इथेच वाढल्यामुळे तिचं मराठी जरा घसरतं. बंगालीत पाणी, सिगरेट, दारू, सगळं 'खातात', तशी तीही मराठीत खाते. लहानपणी "मी पाणी खाल्लं" म्हणायची आणि आम्ही हसायचो.

आता माझ्या दारूबद्दल. मी रोज संध्याकाळी आठ वाजता दोन पेग घ्यायचो. तिसरा कधी नाही, आठच्या आधी कधी नाही. मोजायला एक स्टीलचं छोटं माप होतं. चाळीस वर्षांत एक दिवस ऑफिसला उशिरा गेलो नाही, कुणावर हात उचलला नाही, रस्त्यात पडलो नाही. याचा मला केवढा अभिमान होता! पाहुण्यांना सांगायचो, "दारू वाईट नसते, माणूस कच्चा असतो." मुलीला एकविसावं लागलं तेव्हा मी स्वतः तिला पहिला ग्लास दिला. बाहेर चोरून घेण्यापेक्षा बापासमोर घेतलेली बरी, असं म्हणालो. बायको उठून आत गेली. मला वाटलं, आपण केवढे आधुनिक.

दोन-अडीच वर्षांनी तिला नोकरी लागली. पहिली काही वर्षं घरात कौतुकच कौतुक होतं. तिचा अंबाडा, तिची लिपस्टिक, तिची चाकांची बॅग. खालच्या मजल्यावरच्या काकू आपल्या भाचीला मुद्दाम तिला दाखवायला घेऊन यायच्या. त्या नोकरीत झोपेचं खोबरं होतं, हे मात्र आम्ही पाहूनही पाहिलं नाही. आज पहाटे चारला उठायचं, उद्या दुपारी चारला. कधी एका दिवसात चार उड्डाणं, मग परक्या गावातल्या हॉटेलात पडदे लावून भरदिवसा झोपायचं. ती एकदा आईला म्हणाली होती, "डोळे मिटले तरी कानात इंजिन चालू असतं. थोडी घेतली की बंद होतं." बायकोनं हे मला सांगितलं. मी म्हणालो, "थोडी म्हणतेय ना? मग झालं."

सातव्या वर्षी तिला बढती मिळाली. केबिन इन्चार्ज. म्हणजे त्या विमानातल्या बाकीच्या मुली तिच्या हाताखाली. बायको तेव्हा तिच्या आईच्या आजारपणासाठी अकोल्याला गेली होती. घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी मुलगी बातमी घेऊन आली तेव्हा मला काही सुचेना. मी कपाटातली ठेवणीतली बाटली काढली. निवृत्तीच्या वेळी ऑफिसातल्या मुलांनी दिलेली.

ती म्हणाली, "नको बाबा. उद्या पहिलंच फ्लाइट आहे इन्चार्ज म्हणून. सकाळी टेस्ट असते."

"रिपोर्टिंग किती वाजता?"

"नऊ."

"नियम किती तासांचा?"

"बारा. पण नुसता तासांचा नसतो ना..."

मी घड्याळ पाहिलं. सात वाजत होते. आठचा माझा नेम त्या दिवशी मीच मोडला. म्हणालो, "आत्ता घेऊ, साडेआठला संपवू. साडेबारा तास होतात. एवढी बढती मिळाली आणि बापाबरोबर एक घेणार नाहीस?"

तिनं घेतली. एक, मग दुसरी. दुसरीही मीच ओतली, मापानं. मासळी आणली होती, ती तळली. खूप हसलो. ती शाळेतल्या बाईंची नक्कल करायची, ती केली. साडेआठला मी बाटलीचं झाकण लावलं, नऊला जेवलो, दहाला मी झोपायला गेलो.

सकाळी सहाला उठून स्वयंपाकघरात गेलो. बाटली ओट्यावर होती. झाकण बाजूला पडलेलं. शेजारी पाण्याचा स्टीलचा पेला. रात्री निम्म्याहून जास्त भरलेली बाटली आता तळाशी दोन बोटं उरली होती.

डोक्यात दोनच गोष्टी आल्या. एक, तिला आजारपण सांगून घरी बसव. दुसरी, मग तिच्या आईला काय सांगणार, आणि कुणी दिली विचारलं तर काय सांगणार? 'माझी मुलगी दारू...' या वाक्याच्या पुढे मी मनाला जाऊच दिलं नाही. पेला विसळला. बाटलीला झाकण लावलं आणि ती कपाटात मागे सारून ठेवली. चहाचं आधण ठेवलं.

साडेसातला ती तयार होऊन आली. अंबाडा घट्ट, युनिफॉर्मला एक सुरकुती नाही. स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि ओट्याकडे पाहत राहिली.

"बाबा, तुम्ही कधी उठलात?"

"मगाशीच. चहा झालाय."

"तुम्हीच आवरलंत सगळं?"

"हो. का?"

"काही नाही."

तरी ती तिथेच उभी. मला वाटलं, चहाचा कप शोधतेय. कप हातात दिला, तर तिनं तो तसाच ठेवला आणि बाटलीभर पाणी प्यायली. खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी तिची बॅग लिफ्टपर्यंत नेऊन दिली. 'नीट जा' म्हणालो.

त्या विमानात शे-दीडशे माणसं बसणार होती. आग लागली तर दार उघडून त्यांना बाहेर काढायची जबाबदारी माझ्या मुलीची होती. त्यांचा विचार माझ्या मनात त्या सकाळी एकदासुद्धा आला नाही. यंत्रांच्या सुरक्षिततेवर तीस वर्षं अहवाल लिहिणारा माणूस मी.

साडेदहाला ती घरी आली. बूट काढले, बॅग दारातच सोडली, सोफ्यावर बसली.

"फ्लाइट कॅन्सल?" मी विचारलं.

"मी कॅन्सल," ती म्हणाली.

मग तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. डॉक्टरबाईंनी नळीत फुंकायला सांगितलं. मशीन वाजलं. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, घाबरू नका, थोड्या वेळानं परत घेऊ. वीस मिनिटं बाकावर बसवून ठेवलं. तिच्या हाताखालच्या चार मुली समोरून टेस्ट देऊन गेल्या, प्रत्येकीनं एकदा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा फुंकलं, परत वाजलं. कागदावर सही घेतली. तिच्या जागी जायला राखीव ड्यूटीवरची मुलगी धावत आली, केसांना पिना लावत लावत. जाताना तिनं हिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो हात ना बाबा, मला झटकून टाकावासा वाटला."

"किती आलं?" मी विचारलं. परीक्षेतले मार्क विचारावे तसं.

"शून्य पाहिजे. शून्याच्या वर काहीही आलं तरी एकच."

"पण आपण तर साडेआठलाच..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाली आणि आत गेली.

ऑफिसनं तिच्याकडून लेखी जबाब मागवला. तिनं लिहिलं, घरी, एकटीनं घेतली. मला वाचायला दिला. 'एकटीनं' या शब्दापाशी मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. मी कागद परत दिला आणि म्हणालो, "ठीक लिहिलंयस."

तीन महिने निलंबन. बायको अकोल्याहून आली, बॅग खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "तिला दिली कुणी?" मी पाण्याचा ग्लास आणायला उठलो. मुलगी म्हणाली, "मीच आणली होती, आई." बायकोनं तिच्या थोबाडीत मारली. तीस वर्षांच्या मुलीच्या. मी ग्लास घेऊन मधे उभा.

त्याच महिन्यात गणपती आले. आम्हा मराठी लोकांचा इथे एक गणपती बसतो, तिथे दरवर्षी आरतीला मुलगी असायची. लोक विचारू लागले तसं मी सांगून टाकलं, कावीळ झालीय. सगळ्यांनी उपाय सांगितले. उसाचा रस द्या, मुळ्याचा रस द्या. बँकेतले एक साहेब म्हणाले, "आणि यकृत आहे, जपायला सांगा हो. तिला काय म्हणा, पिण्याबिण्याचा प्रश्न नाही." मी हसलो. त्यांच्याबरोबर खिरापत खाल्ली.

त्या तीन महिन्यांत मी माझे दोन पेग सोडले नाहीत. आठला बैठकीत बसायचो. बायको म्हणाली, "पोरगी घरात आहे. तीन महिने तरी बंद करा."

"मी का बंद करू? मला कुणी निलंबित केलंय?"

"तिला वास येतो हो."

"मग दार लावून घे म्हणावं."

तिनं खरंच लावून घेतलं. रोज आठला तिच्या खोलीचं दार बंद व्हायचं. मी ते बाणेदारपणाचं लक्षण समजत होतो. दाराच्या आत ती काय करत असेल, हे मी विचारलं नाही. आठवड्याभरानं बायकोनं सांगितलं, "उशी तोंडावर दाबून बसते." तेव्हाही मी ग्लास संपवलाच.

तीन महिन्यांनी ती परत रुजू झाली. इन्चार्जपद गेलं होतं. पहिल्या टेस्टला खोलीतली सगळी माणसं गप्प झाली, असं तिनं सांगितलं. कुणी मुद्दाम टोमणा मारत नव्हतं, पण तिच्यासमोर पार्टीचा विषय निघाला की बोलणं तुटायचं. त्या सुमारास तिच्याच कंपनीतला एक कॅप्टन पहिल्यांदा सापडला, त्यालाही तेवढेच महिने मिळाले. तो परतला तेव्हा लोकांनी त्याला चहा पाजला, आणि त्याच्या बायकोनं म्हणे घरी पूजा घातली. शिक्षा दोघांना सारखीच होती, तक्रार करायला जागा नव्हती.

सात-आठ महिने निभावले. मग एका दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात मुक्काम होता, सकाळच्या टेस्टला परत मशीन वाजलं. यावेळी फोन आईला आला. बायकोनं फोन माझ्या हातात दिला. पलीकडून मुलगी रडत होती आणि एकच सांगत होती, "बाबा, मी सकाळी नाही खाल्ली. रात्री खाल्ली होती. सकाळी नाही खाल्ली." तीस-एकतीस वर्षांची बाई, आणि मराठी पहिलीतल्या मुलीचं. मला तिची दुरुस्ती करायचीसुद्धा शुद्ध नव्हती.

दुसऱ्यांदा सापडलं की तीन वर्षं उडायची बंदी. तिची नोकरी कराराची होती, करार संपत आला होता. कंपनीनं दोन परिच्छेदांचं पत्र पाठवलं आणि विमानतळाचा पास परत मागितला. तो द्यायला ती स्वतः गेली, मला बरोबर येऊ दिलं नाही.

त्यानंतर ती दीड महिना घरात होती. एका दुपारी जेवताना माझा तोल सुटला. मी म्हणालो, "मीही घेतो. चाळीस वर्षं घेतो. दोनवर थांबतो. तुलाच का थांबता येत नाही? एवढं काय कठीण आहे त्यात?"

तिनं ताट बाजूला सारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"बाबा, त्या सकाळी तुम्ही बाटली कपाटात ठेवली होतीत."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कुठली बाटली?"

"ओट्यावरची. झाकण काढून मी ठेवली होती. पेला पण. तुम्ही सहाला उठता, पहिले स्वयंपाकघरात जाता, हे मला माहीत नाही का? मला स्वतःहून ऑफिसला फोन करायची हिंमत होत नव्हती. इन्चार्ज म्हणून पहिलंच फ्लाइट होतं. वाटलं, तुम्ही बघाल आणि ओरडाल. म्हणाल, जायचं नाही आज. मग मी सिक सांगितलं असतं, पुढचं पुढे. मी तुमची वाट बघत अंबाडा घालत होते. बाहेर आले तर ओटा पुसलेला. वर चहा तयार."

बायकोनं विचारलं, "म्हणजे ती यांनी दिली होती?" मुलगी म्हणाली, "दोन यांनी. बाकीची मी. ते जाऊ दे आई, त्याचं काही नाही." आणि मग मला म्हणाली, "तुम्हाला मी दारू पिते याची लाज नव्हती वाटली. दिसली याची वाटली."

पुढच्या आठवड्यात ती घरातून गेली. हावड्यात तिच्या जुन्या मैत्रिणीच्या ओळखीनं एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालं. पंख्याचे सुटे भाग बनवतात, ही त्यांची पत्रं, ईमेल, ट्रकांचे फोन बघते. तिथेच एका विधवा बाईंकडे खोली घेतली. दारू सोडलेल्या लोकांची एक बैठक एस्प्लनेडजवळ चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी भरते, तिथे जाऊ लागली. रविवारी आमच्याकडे जेवायला येते. संध्याकाळ व्हायच्या आत निघते. आईनं कितीही म्हटलं तरी आठला ती आमच्या घरात नसते.

बायको माझ्याशी बोलते, म्हणजे भाजी काय आणायची, औषध घेतलं का, इतपत. त्या दुपारबद्दल एकदाही बोललेली नाही. जेवायला वाढते, पण माझ्याबरोबर जेवायला बसत नाही.

गेल्या वर्षी मला पोटात दुखू लागलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, "किती घेता?" मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणालो, "फक्त दोन." ते म्हणाले, "रोज दोन, चाळीस वर्षं?" आणि लिहायला लागले. त्या दिवसापासून बंद केली. पहिल्या आठवड्यात हात इतके कापायचे की चहा बशीत सांडायचा. रात्री घाम. मला वाटायचं, माणूस कच्चा असतो म्हणणारा हाच का तो.

रविवारी मुलीच्या लक्षात आलं. "बाबा, तुम्ही सोडलीत?"

"हो."

"का?"

तिच्यासाठी, असं म्हणायची फार इच्छा झाली. बायको ताटं मांडता मांडता थांबली होती.

"डॉक्टरांनी सांगितलं," मी म्हणालो. "यकृत."

"हं," ती म्हणाली, आणि भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

यंदा तिची तीन वर्षं भरली. नियमानं तिला परत उडता येतं. एका हॉटेलात नव्या कंपनीची भरती होती, तिथे ती जाऊन आली. रांगेत सगळ्या विशीतल्या मुली, ही चौतिसाव्या वर्षी. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, यापूर्वी कधी निलंबन झालंय का. तिनं 'हो' लिहून खाली दोन्ही वेळचं कारण लिहिलं. मुलाखतीच्या बाईंनी वाचलं, प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

"लिहायचं कशाला?" बायको कळवळून म्हणाली.

"त्यांना कळलंच असतं, आई. आणि मला आता लपवायचा कंटाळा आलाय."

त्या दिवशी मी तिला मेट्रो स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. ती नको म्हणाली नाही. वाटेत मी म्हटलं, "तुमच्या शनिवारच्या बैठकीला मी येऊ का?"

ती चालता चालता थांबली. "याल? तिथे उभं राहून सांगावं लागतं बरं का."

"काय सांगायचं?"

"जे झालं ते. दुसऱ्याचं नाही, आपलं."

"बघतो," मी म्हणालो. ती स्टेशनचा जिना चढून वर गेली.

त्यानंतर दोन शनिवार मी एस्प्लनेडला उतरलो. पहिल्या वेळी हॉलच्या फाटकावरची पाटी वाचली आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या वेळी फाटकाच्या आत गेलो, दारापर्यंत. आत कुणीतरी हिंदीत बोलत होतं. आवाज तिचाच होता. बाहेर बस हॉर्न देत होत्या, फेरीवाले ओरडत होते, त्यामुळे ती काय सांगत होती ते कळलं नाही. कळेपर्यंत थांबलोही नाही.